शेणातला पुरावा आणि द्विदल चाऱ्याचा हिशोब

‘आहारात गवत इतके टक्के, झुडपे इतके टक्के, द्विदल वनस्पती इतके टक्के’ अशा धर्तीचे कोष्टक वन्यजीवांवरील प्रबंधांत आणि कुरणांच्या अहवालांत नेहमी आढळते. ते पाहिले की वाटते, कोणीतरी तराजू घेऊन त्या प्राण्याच्या मागे फिरले असावे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्या प्राण्याचे शेण किंवा लेंड्या गोळा केलेल्या असतात, त्या धुऊन, चाळून, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या असतात, आणि दिसलेले पानांचे तुकडे ओळखून मोजलेले असतात. पद्धत हुशारीची आहे, स्वस्त आहे, प्राण्याला इजा न करणारी आहे. तरीही द्विदल चाऱ्याच्या बाबतीत तिचे आकडे जसेच्या तसे स्वीकारावेत का, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. या लेखात त्या पद्धतीची चिकित्सा करायची आहे.

प्रश्न केवळ संशोधकांचा नाही. विदर्भात रोही आणि चितळ तुरीत शिरतात, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत काळवीट हरभऱ्यावर येतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. तूर आणि हरभरा ही दोन्ही द्विदल पिके. समजा, कोणी त्या प्राण्यांच्या लेंड्या तपासल्या आणि त्यांत हरभरा सापडला नाही. मग शेतकरी खोटे बोलतो असे म्हणायचे का? उत्तर देण्याआधी खाल्लेल्या पानाचे पोटात काय होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले काय ओळखता येते, हे समजून घेतले पाहिजे.

एका शब्दाबद्दल आधीच सांगून ठेवतो. शेतीच्या भाषेत ‘द्विदल चारा’ म्हणजे लसूणघास, बरसीम, शेवरी, सुबाभूळ, स्टायलो यांसारख्या शेंगा धरणाऱ्या वनस्पती. वनस्पतिशास्त्रात मात्र द्विदल म्हणजे बीजात दोन दले असणाऱ्या साऱ्याच वनस्पती. त्यांत आंबा, कापूस, सूर्यफूलही आले. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. आपण या लेखात द्विदल चारा म्हणजे शिंबावंत कुलातील चारा एवढाच अर्थ घेऊ.

पान ओळखायचे कसे?

पानाच्या वरच्या कातडीला, म्हणजे अपित्वचेला, बाहेरून क्युटिन नावाच्या मेणचट द्रव्याचे अस्तर असते. हे द्रव्य प्राण्यांच्या पोटात जवळजवळ पचत नाही. आतला हिरवा गर जिरून गेला, तरी अपित्वचेचे ठसे वागवणारे हे अस्तर तुकड्यातुकड्यांनी शेणात उतरते. पद्धतीचा सारा आधार एवढाच आहे.

गवताचा तुकडा सहज ओळखू येतो. त्याच्या अपित्वचेतील लांबट पेशी विटांच्या थरांसारख्या ओळीने बसलेल्या असतात. त्यांच्यामध्ये आखूड पेशी असतात आणि त्यांत सिलिकाचे कण असतात. कधी डंबेलच्या, कधी खोगिराच्या आकाराचे. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशीही डंबेलसारख्या असतात.

शिंबावंत पानात ही शिस्त नसते. लसूणघासाच्या अपित्वचेतील पेशींच्या भिंती नागमोडी असतात आणि जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकतात. सोनामुखीच्या पानात त्या सरळ भिंतींच्या, बहुकोनी असतात. रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या. सोनामुखीच्या पर्णरंध्राला समांतर अशा दोन साहाय्यक पेशी शेजारी बसलेल्या दिसतात. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही खूण पाठ असते, कारण सोनामुखीच्या चूर्णातील भेसळ ते तिच्यावरूनच पकडतात. शेणातले पान ओळखणे आणि चूर्णातले पान ओळखणे ही एकाच विद्येची दोन कामे आहेत.

दुसरी खूण केसांची. लसूणघासासारख्या अनेक शिंबावंत वनस्पतींच्या केसात तळाशी एकदोन आखूड पेशी आणि वर एक लांब, टोकदार पेशी असते, आणि तिच्या भिंतीवर बारीक पुळ्या दिसतात. तुरीच्या पानाच्या खालच्या बाजूस केसांबरोबर पिवळसर ग्रंथी असतात. हरभऱ्याच्या पानावर टोकाशी ग्रंथी असलेले केस असतात. पहाटे हरभऱ्यावर ओले फडके फिरवून जी आंब गोळा करतात, ती याच केसांतून पाझरते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात.

तिसरी खूण स्फटिकांची. अनेक शिंबावंत पानांत शिरांच्या कडेने कॅल्शियम ऑक्झॅलेटचे घनाकृती स्फटिक माळेसारखे रांगेत बसलेले असतात. चौथी खूण बीजाच्या सालीची. शेंगवर्गीय बीजाच्या सालीत उभ्या, जाड भिंतींच्या पेशींचा एक सलग थर असतो आणि त्याखाली बहुधा वाळूच्या घड्याळासारख्या पेशींचा थर असतो. हे थर कठीण असतात आणि पोटातून सहीसलामत बाहेर येतात. बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळीच्या लेंडीत हे तुकडे, कधी अख्खे बीसुद्धा, सापडते.

खुणा पुरेशा आहेत. सराव असलेला निरीक्षक एखाद्या तुकड्यावरून ‘हे गवत नव्हे, शिंबावंत पान आहे’ हे खात्रीने सांगू शकतो. सोबत त्या भागातील वनस्पतींचा नमुनासंग्रह असेल तर बऱ्याचदा वनस्पतीचे नावही सांगू शकतो. ‘हे खाल्ले होते’ या विधानापुरती ही पद्धत विश्वासार्ह आहे, याबद्दल आमचा वाद नाही.

ओळखीकडून टक्केवारीकडे

अमेरिकेत १९३९ साली बॉमगार्टनर आणि मार्टिन यांनी खारींचा आहार शोधण्यासाठी वनस्पतींच्या ऊतींची ओळख वापरली. ऑस्ट्रेलियात स्टॉर यांनी १९६१ मध्ये विष्ठेच्या सूक्ष्म तपासणीची पद्धत मांडली, तर आफ्रिकेतील चरणाऱ्या प्राण्यांसाठी स्टुअर्ट यांनी १९६७ मध्ये ती तपासली. १९७२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्राण्यांच्या विष्ठेतील वनस्पतींचे अवशेष ओळखण्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या प्रसिद्ध झाल्या.

पण टक्केवारीचे कोष्टक रूढ झाले ते १९६८ मधील स्पार्क्स आणि मॅलेचेक यांच्या शोधनिबंधामुळे. त्यांची रीत थोडक्यात अशी: नमुना दळून एकसारखा बारीक करायचा, त्याच्या पाच काचपट्ट्या करायच्या आणि प्रत्येक पट्टीवर वीस ठिकाणी पाहायचे. एकूण शंभर दृष्टिक्षेत्रे झाली. प्रत्येक क्षेत्रात कोणती वनस्पती आहे एवढेच नोंदवायचे; तुकडे मोजत बसायचे नाही.

या शंभरांतून तुकड्यांची घनता काढण्यासाठी एक गणित वापरतात, आणि ते वर्गात करून पाहण्याजोगे आहे. समजा गवत ८० क्षेत्रांत दिसले आणि लसूणघास ५० क्षेत्रांत. सरळ प्रमाण ८ : ५ येते. पण जी वनस्पती जास्त आहे तिचे दोन-तीन तुकडे एकाच क्षेत्रात पडण्याची शक्यताही जास्त, म्हणजे सरळ प्रमाण तिच्यावर अन्याय करते. तुकडे यदृच्छेने विखुरले आहेत असे मानले, तर रिकाम्या क्षेत्रांच्या प्रमाणावरून दर क्षेत्रातील सरासरी तुकडे काढता येतात. रिकामी क्षेत्रे २० टक्के असतील तर सरासरी १.६१, ५० टक्के असतील तर ०.६९. प्रमाण ७० : ३० झाले. ही टक्केवारी म्हणजेच कोरड्या वजनाची टक्केवारी, असे या रीतीत मानले जाते.

हे मानणे अगदीच निराधार नव्हते. स्पार्क्स आणि मॅलेचेक यांनी वेगवेगळ्या वनस्पतींची वजन माहीत असलेली मिश्रणे स्वतः बनवली आणि पद्धतीने दिलेले उत्तर खऱ्या वजनाशी ताडून पाहिले. मेळ चांगला बसला. पण ती मिश्रणे कोणत्याही प्राण्याच्या पोटातून गेलेली नव्हती. आमच्या मते सारी अडचण येथे सुरू होते. दळलेल्या चाऱ्यासाठी सिद्ध झालेला नियम पुढे शेणासाठी सर्रास वापरला गेला, आणि मधली चार पोटांची वाट कोष्टकातून गळाली.

पोटात काय होते?

लसूणघासाच्या पानाचा गर कोवळा असतो, त्याच्या पेशींच्या भिंती पातळ असतात आणि त्यांत लिग्निन नसते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील जीवाणू त्यावर तुटून पडतात. हा चारा भुकेल्या जनावराने अधाशीपणाने खाल्ला की पोटफुगी होते, हे पशुपालकाला पुस्तकाशिवाय माहीत असते. पचन अतिशय वेगाने होते हे तिचे एक मोठे कारण. गवताच्या पानात मात्र शिरांना लागून असलेल्या चिवट तंतूंच्या पट्ट्या अपित्वचेला आतून धरून ठेवतात, शिवाय सिलिकाचा आधार असतो. गवताचे तुकडे मोठे राहतात. द्विदल पानाचा क्युटिनचा पापुद्रा पचला नाही, तरी आधार गेल्यामुळे इतका चुरगळतो आणि फाटतो की त्यावरची खूण वाचता येत नाही.

एक काल्पनिक हिशोब मांडू. प्राण्याने गवत आणि लसूणघास यांचे समान वजन खाल्ले. गवताच्या दर १०० तुकड्यांपैकी ४० ओळखण्याजोगे उरले आणि लसूणघासाच्या दर १०० पैकी १०. सूक्ष्मदर्शकाखाली ४० विरुद्ध १० दिसतील, आणि कोष्टक सांगेल: गवत ८० टक्के, द्विदल २० टक्के. निरीक्षकाने एकही चूक केली नाही. तरी निम्मा आहार पंचमांश झाला. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण घटनेची दिशा खरी आहे. ऑस्ट्रेलियात स्लेटर आणि जोन्स यांनी १९७१ मध्ये या पद्धतीवर लिहिलेल्या टिपणाच्या शीर्षकातच ‘इशारा’ हा शब्द घातला होता.

यावर कोणी म्हणेल, सोपे आहे. प्राण्याला माहीत असलेला चारा घालायचा, किती उरतो ते पाहायचे आणि तेवढ्याने आकडा दुरुस्त करायचा. वरच्या उदाहरणात ४० ला ०.४ ने आणि १० ला ०.१ ने भागले की पुन्हा समान उत्तर येते. असे दुरुस्तीचे गुणक काढणे योग्यच आहे, आणि ते न काढता दिलेल्या टक्केवारीपेक्षा काढून दिलेली टक्केवारी केव्हाही बरी. पण गुणक एकच नसतो. कोवळे पान आणि जून पान, पान आणि देठ, शेळी आणि गाय यांचे गुणक वेगळे येणार. तुरीचे कोवळे शेंडे खाणाऱ्या रोह्याच्या शेणाला वाळल्या तुरीच्या भुसकटाचा गुणक लावणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चढवणे.

चूक नेहमी एकाच दिशेने होते असेही नाही. केसाळ द्विदल पानाच्या एका तुकड्यावरून कित्येक केस सुटतात. प्रत्येक सुटा केस एक तुकडा म्हणून धरला तर ती वनस्पती कोष्टकात फुगते. शेंगांचेही तसेच, बीजाची साल टिकाऊ, म्हणून चार शेंगा खाल्ल्या तरी त्यांची नोंद ठळक होते, आणि मूठभर कोवळी पाने बेपत्ता होतात. एकाच कोष्टकात एक द्विदल वनस्पती वाढलेली आणि दुसरी घटलेली असू शकते. स्फटिक तरी भरवशाचे मानावेत, तर पोटातील काही जीवाणू ऑक्झॅलेटसुद्धा खातात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लेंडीत हरभऱ्याचा ग्रंथियुक्त केस सापडला तर काळविटाने हरभरा खाल्ला हे ठरले. केस सापडला नाही तर काहीच ठरले नाही. शेतकऱ्याची तक्रार खरी की खोटी याचा निवाडा अशा रिकाम्या काचपट्टीवर करणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे आणि विज्ञानावरही. उलट, केस सापडला म्हणून किती एकर फस्त झाले हेही त्यावरून सांगता येणार नाही.

नव्या पद्धतींनी सुटका होते का?

‘इशारा’ देणाऱ्या जोन्स यांनी पुढे १९७९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर वेगळी वाट सुचवली. उष्ण प्रदेशातील बहुतेक चराऊ गवते प्रकाशसंश्लेषणात कार्बनचा पहिला स्थिर पदार्थ चार कार्बनचा बनवतात. द्विदल चारा तीन कार्बनचा बनवतो. यामुळे दोहोंतील जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३ चे, प्रमाण किंचित निराळे असते, आणि शेणातील कार्बन मोजून दोहोंचा वाटा काढता येतो. येथे तुकडा ओळखावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण बोरीचे पान आणि सुबाभळीचे पान ही पद्धत वेगळे करू शकत नाही, कारण दोन्ही तीन कार्बनवाली. थंड प्रदेशात तर गवतही त्याच गटातले. शिवाय जे जास्त पचते त्याचा कार्बन शेणात कमी येतो, म्हणून पचनाची दुरुस्ती येथेही लागतेच.

अलीकडे शेणातील डीएनए वाचतात. केनियातील सात मोठ्या शाकाहारी प्राण्यांवर असा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ढोबळमानाने सारखेच खाणारे प्राणी प्रत्यक्षात वेगवेगळ्या वनस्पती निवडतात हे त्यातून दिसले. इतका बारीक भेद सूक्ष्मदर्शकाने कठीण होता. मात्र डीएनएच्या वाचनांची संख्या म्हणजे खाल्लेल्या चाऱ्याचे वजन नव्हे. वेगवेगळ्या पानांत हरितलवकांच्या डीएनएच्या प्रती सारख्या नसतात, आणि पोटात डीएनएचीही मोडतोड होते. यंत्र महाग झाले म्हणून जुना प्रश्न सुटला असे होत नाही. आणि डीएनए पान खाल्ले की शेंग, हे सांगत नाही, सूक्ष्मदर्शक सांगतो. म्हणून जुनी पद्धत टाकून द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. तिला तिच्या आवाक्यातले प्रश्न विचारावेत.

द्विदल चाऱ्याचा वाटा नेमका कळणे का गरजेचे, याचे एक उदाहरण सुबाभळीचे आहे. तिच्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. आहारात तिचा वाटा फार झाला आणि पोटात योग्य जीवाणू नसले, तर जनावरांचे केस गळतात, गलगंड होतो. हे विष मोडणाऱ्या एका जीवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे नाव देण्यात आले, ते याच जोन्स यांच्यावरून. असे असताना शेणातल्या आकड्यावरून ‘सुबाभूळ थोडीच खाल्ली जाते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरू शकते.

वर्गात काय करता येईल?

शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकावर ही सारी चिकित्सा विद्यार्थ्यांना स्वतः करता येते. पहिल्या तासाला हरळी, लसूणघास, तूर आणि हरभरा यांची पाने घ्यावीत. पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन, वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावावा. अपित्वचेचा ठसा मिळतो. विद्यार्थ्यांनी चित्रे काढून आपला नमुनासंग्रह तयार करावा. पाठ्यपुस्तकातील एकाच पर्णरंध्राच्या आकृतीने जी कल्पना होते, ती येथे चार पानांत मोडते.

दुसऱ्या तासाला हरळी आणि लसूणघास वाळवून, चुरून, गाळणीतून चाळून माहीत असलेल्या वजनाने मिसळावे. मिश्रण पाण्यात उकळून तुकडे थोडे पारदर्शक करून घ्यावेत. मिश्रण कोणत्या प्रमाणाचे हे मोजणाऱ्या गटाला सांगू नये. प्रत्येक गटाने वीस क्षेत्रे पाहून वरचे गणित करावे आणि मग उत्तर उघड करावे. गटागटांच्या उत्तरांत किती अंतर पडते हेही फळ्यावर लिहावे.

तिसऱ्या तासाला शेळीच्या लेंड्या. त्या हातमोजे घालून गोळा कराव्यात, शिक्षकांनी आधी चांगल्या उकळाव्यात, मग चहाच्या गाळणीत धुऊन तुकडे पाहावेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शेळी राखणाऱ्याला मागच्या दोन-तीन दिवसांत तिने काय खाल्ले ते विचारून यादी करावी, कारण आजची लेंडी आजच्या चाऱ्याची नसते. मग राखणाऱ्याची यादी आणि सूक्ष्मदर्शकाची यादी शेजारी शेजारी मांडावी. राखणाऱ्याच्या यादीत आहे पण काचपट्टीवर नाही, अशी वनस्पती निघाली तर त्याला चूक ठरवण्याची घाई करू नये. ती पचली असेल काय, तुकडा ओळखता आला नसेल काय, क्षेत्रे थोडी पाहिली असतील काय, असे प्रश्न विद्यार्थ्यांकडून येऊ द्यावेत.

शेवटी कोष्टक लिहिण्याविषयी. आमची सूचना अशी, की विद्यार्थ्यांनी मथळ्यात ‘आहारातील टक्केवारी’ असे न लिहिता ‘लेंडीत ओळखलेल्या तुकड्यांची टक्केवारी’ असे लिहावे, आणि खाली किती क्षेत्रे पाहिली, किती तुकडे ओळखता आले नाहीत, सुटे केस मोजले की नाही, हे नोंदवावे. ‘ओळखता आले नाही’ असा एक रकाना प्रत्येक कोष्टकात असावा. पुढे कधी एखाद्या अहवालात हा रकाना दिसला नाही, तर तो कोठे गेला असे विचारण्याची सवय त्यांना लागेल.